सकळ लिपीची किल्ली

देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या दरबारात नरेंद्र नावाचा कवी होता. 1292 च्या सुमारास त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. राजाला ते इतकं आवडलं, की ते आपल्या नावावर करावं म्हणून ओवीमागे एक सोन्याचं नाणं द्यायला तो तयार झाला. नरेंद्राने नकार दिला. आपल्या कविकुळाला बट्टा लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. परंपरा सांगते, की ग्रंथ राजाकडेच राहिला. रातोरात जेवढं उतरवून घेता आलं तेवढं, म्हणजे नऊशेच्या आसपास ओव्या, घेऊन कवी आणि त्याचे भाऊ निघाले. पुढे नरेंद्र महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांचा शिष्य झाला आणि ते काव्य पंथाच्या 'साती ग्रंथां'त मानाने बसलं.

हे घडलं तो किल्ला आमच्या पडेगावच्या पश्चिमेला आहे. छावणी ओलांडली की पडेगाव, मग मिटमिटा, शरणापूरचा फाटा आणि पुढे दौलताबाद. या रस्त्याने वेरूळला जाणारे पर्यटक किल्ल्यापाशी उतरतात, चांदमिनार बघतात, तोफा बघतात. आपलं लिहिलेलं कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या पायथ्याशी एका कवीने राजाच्या तोंडावर सोडवला होता, हे तिथल्या कुठल्या फलकावर मला वाचायला मिळालेलं नाही.

मी मराठीची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमचं घर उपदेशी, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. घरात पंचकृष्णांचं स्मरण होतं आणि एका कापडी बासनात बांधलेल्या चार पोथ्या होत्या. सध्या 'डेटा' कुणाचा, स्थानिक समाजाच्या माहितीवर त्या समाजाचा हक्क किती, अशी चर्चा सगळीकडे चालते. ती ऐकताना मला सारखं वाटतं, की आपल्याकडे एका धर्मपंथाने हा प्रश्न सहा-सात शतकं प्रत्यक्ष हाताळला आहे. त्यात त्याने काय कमावलं आणि काय गमावलं, दोन्ही आपल्यासमोर आहे. ते नीट सांगितलं जावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात माहिती गोळा करण्यापासूनच करायला हवी, कारण तिथेच पंथाचं वेगळेपण दिसतं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे निघून, गेल्यावर त्यांच्या विरहात शिष्य रिद्धपूरला एकत्र होते. सराळ्याचे म्हाइंभट हे मोठे विद्वान. स्वामींच्या आठवणी जमवायच्या, हे त्यांनी मनावर घेतलं. नागदेवाचार्यांकडून ऐकलं, मग जो जो त्या प्रसंगाला हजर होता त्याच्याकडे जाऊन ते पडताळून पाहिलं. त्यातून तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' उभं राहिलं: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की एकाच लीळेच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवल्या आहेत, कुणाची आठवण कुठली हे सांगून. कोण बोललं, कुठे बसून बोललं, त्या वेळी जवळ कोण होतं, हे पुसलेलं नाही. सांगणाऱ्याचं नाव सांगितलेल्या गोष्टीपासून तोडायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. आजच्या सर्वेक्षणांत माणसाचं नाव गळतं, गाव गळतं आणि शेवटी कोष्टकातला एक आकडा उरतो. म्हाइंभटांनी तसं केलं असतं, तर बाइसा, महदाइसा, आउसा या बायका आपल्याला भेटल्याच नसत्या.

दुसरी गोष्ट भाषेची. पंथात संस्कृतचे पंडित भरपूर होते. केशोबासांसारख्यांना संस्कृतात लिहिणं सहज जमलं असतं. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्यांच्याविषयीची ही माहिती आहे त्यांना ती कळली पाहिजे, ही अट पंथाच्या पहिल्या आचार्यांनी घातली. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढे जी कुलपं लागली त्यांचा विचार करताना ही पहिली अट विसरून चालणार नाही.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजींच्या स्वाऱ्यांनी सगळा मुलूख उधळला गेला. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, असं परंपरा सांगते. मग ग्रंथ परत आला तो माणसांच्या आठवणीतून. ज्यांना तो पाठ होता त्यांनी तो सांगितला आणि लिहून घेणाऱ्यांनी तो उतरवला. त्या पाठांना आजही माणसांची नावं आहेत, आणि त्यात हिराइसा या बाईच्या नावाचा पाठ आहे. राजाच्या कोठारात ठेवलेली वस्तू कोठाराबरोबर जाते. ही वस्तू माणसांत ठेवलेली होती म्हणून ती वाचली.

हे ग्रंथ ज्यात लिहून झाकले, ती गुप्त लिपी त्यानंतरची. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांनी चौदाव्या शतकाच्या मध्याला सकळ लिपी तयार केली, असं मानतात. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्या आल्या. पंथाचे तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, त्यांतही ज्याची त्याची पद्धत. सकळ मात्र सगळ्यांत जास्त चालली.

आमच्या बासनातली एक पोथी सकळ लिपीतली आहे. कागद जाडसर, कडेला तपकिरी झालेला, आणि उजेडासमोर धरला तर त्यातले तंतू दिसतात. शाई काजळाची, अजून काळीभोर. समासाच्या रेघा हिंगुळाच्या. अक्षरं बोरूची, एकसारख्या उंचीची, शब्दांमध्ये जागा न सोडता ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या नजरेला वाटतं, बाळबोधच आहे, आत्ता वाचता येईल. अक्षरं बहुतेक ओळखीची असतात. पण वाचायला बसलं की एकही शब्द लागत नाही, कारण अक्षरांची अदलाबदल केलेली असते. एकाच्या जागी दुसरं, आणि ती जागा कुठली हे गुरूकडून शिकलेल्यालाच ठाऊक. वडील ती पोथी घडाघडा वाचत. बोट ओळीखालून सरकत जाई आणि तोंडातून शुद्ध मराठी येई. शेजारची आजी, जिला पाटीवर स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, एखादा शब्द चुकला की त्यांना थांबवायची. तिला सूत्रं कानाने पाठ होती.

तो कागद कुठला, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण दौलताबादच्या पुढे, खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा आहे. तिथली कारागिरी तुघलकाच्या काळापासूनची मानली जाते आणि दौलताबादी कागद एके काळी लांबलांब जायचा. कागजीपुऱ्याचे कारागीर मुसलमान. त्यांच्या कागदावर कुराण लिहिलं गेलं, आणि याच मुलखातल्या हिशेबाच्या वह्या आणि पोथ्याही लिहिल्या गेल्या. धर्माच्या नावाने माहितीची राखण करायची म्हटलं की लोकांना भिंती आठवतात. या मुलखात मात्र एकाचा कागद आणि दुसऱ्याचं शास्त्र असा व्यवहार शतकानुशतकं बिनबोभाट चालला.

कुलूप का घातलं, याची सोपी उत्तरं दोन. एक, परचक्राची भीती. दुसरं, वैदिक धर्ममार्तंडांचा रोष. पंथ वेद मानत नव्हता, चातुर्वर्ण्य मानत नव्हता, बायकांना संन्यास देत होता, आणि हेमाद्रीसारखा प्रधान त्याच्या विरोधात होता. दोन्ही कारणं खरी असतील. पण श्रद्धेच्या आतून पाहिलं की तिसरं कारण दिसतं आणि मला ते अधिक मोठं वाटतं. महानुभावाच्या लेखी हे परमेश्वराच्या मुखातून आलेलं वचन आहे. ज्याने आचार धरला नाही, भिक्षा मागितली नाही, अटन केलं नाही, त्याच्या हाती ते पडलं तर तो त्याचा भलताच अर्थ करील आणि त्याचा दोष देणाऱ्याला लागेल. थोडक्यात, आधी जबाबदारी आणि मग माहिती. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक वाचकाला विनवतात, की तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. यातली शेवटची विनंती पंथाने फार मनावर घेतली.

त्याची किंमतही मोजली. आत काय आहे ते दिसेना, तेव्हा बाहेरच्यांनी मनाला येईल ते रचलं. इंग्रजी अमदानीत जातीजमातींची दप्तरं तयार होऊ लागली, तेव्हा पंथाची बाजू सांगणारा एकही ग्रंथ त्या अधिकाऱ्यांना वाचता येत नव्हता. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ 1916 मध्ये निघाला. त्यात 'मानभाव' या नोंदीखाली कृष्णभट नावाच्या कुणा भोंदूची कथा पंथाच्या उगमाची म्हणून आली आहे. ज्या समाजाकडे जन्मापासूनच्या नोंदी लीळेगणिक लिहून ठेवलेल्या होत्या, त्याची सरकारी ओळख अशी ऐकीव गोष्टीतून ठरली. या अपमानाचे चटके आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत बसत होते.

1910 च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. वि. ल. भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या 1919 च्या आवृत्तीत महानुभावांना मोठी जागा दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' 1925 चं. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी 1930 च्या दशकात लीळाचरित्र छापायला घेतलं. 1970 मध्ये लंडनच्या विद्यापीठातले रेसाइड यांनी सकळ लिपीवर स्वतंत्र लेख लिहिला. अॅन फेल्डहाउस यांनी तर आयुष्यातली कितीतरी वर्षं या ग्रंथांना दिली. त्यांनी केलेल्या लीळाचरित्राच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड 2024 मध्ये आला.

'राजवाड्यांनी कुलूप फोडलं' असं आमच्या शाळेच्या पुस्तकांत आणि व्याख्यानांत अभिमानाने सांगितलं जातं. मीही वर्गात राजवाड्यांचं मोठेपण शिकवलं आहे आणि ते मला आजही मान्य आहे. पण त्या काळात काही महंतांनी आपणहून किल्ली दिली, पोथ्या दाखवल्या, अभ्यासकांना समोर बसवून अर्थ सांगितला, हा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्यांच्या गुरुबंधूंना ते पटलं नव्हतं आणि त्यांनी बोलणीही खाल्ली. बाहेरच्या हुशारीइतकंच आतल्या या धाडसाचं श्रेय आहे. पुढे डॉ. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र 1978 मध्ये शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं, तेव्हा पंथातल्या अनेकांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. कोलत्यांची विद्वत्ता निर्विवाद. आक्षेप घेणाऱ्यांची वेदनाही खोटी नव्हती. ज्या लीळा त्यांच्यासाठी पूजेचा विषय, त्या पाठभेदांच्या तक्त्यात मांडल्या गेल्या, आणि कुठला पाठ धरायचा हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही, असं त्यांना वाटलं. अभ्यासकाने श्रद्धेपुढे मान तुकवावी, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या घरातून पोथी आली त्यांच्याशी छापण्याआधी बसून बोलावं, एवढं मागणं अवाजवी नाही.

पंथाच्या बाजूनेही एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. कुलूप परक्यांसाठी घातलं होतं, पण काळाच्या ओघात ते घरच्यांनाही लागलं. उपदेशी कुटुंबातल्या बहुतेक वासनिकांना, म्हणजे गृहस्थ अनुयायांना, सकळ वाचता येत नव्हती आणि शिकवायलाही कुणी बसत नव्हतं. पंजाबात पंथाला जयकृष्णी म्हणतात. तिथल्या माणसांनी मराठी पोथ्या पेशावरपर्यंत जपल्या, ही आपल्या भाषेची केवढी मोठी कमाई. पण ज्या घरांत वाचणारं माणूस संपलं, तिथे पोथी फक्त फुलं वाहायला उरली. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या बायकांसाठी मराठीत लिहिलेलं त्यांच्याच नातींना वाचता येईना. समाजाची माहिती समाजाच्या ताब्यात म्हणजे मूठभर गादीवाल्यांच्या ताब्यात, असा अर्थ होत असेल, तर आचार्यांची पहिली अट मोडली, असंच मी म्हणेन.

आता नवे लोक दारात आले आहेत. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करण्यासाठी. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं त्या गावी मराठीचं विद्यापीठ, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला जुनी मराठी शिकवायची म्हणूनही या पोथ्यांना मागणी येणार. हे व्हायला हवंच. वाळवी आणि ओल कुणाच्या श्रद्धेची वाट पाहत नाहीत.

पण रीत कोणती? आमच्या ओळखीच्या एका लहानशा आश्रमात एका संस्थेची माणसं कॅमेरे घेऊन आली होती. तिथल्या वयोवृद्ध तपस्विनी बाईंनी आधी दंडवत घातला, मग एकेक बासन सोडून दिलं. शेवटी त्यांच्यापुढे एक कागद आला, सगळा इंग्रजीत. बाईंनी सही केली. छायाचित्रांची प्रत आश्रमाला देऊ, असं तोंडी सांगून ती माणसं गेली. फोन केले, पत्रं लिहिली, प्रत आली नाही. त्यातली दोन बासनं पुढच्या पावसाळ्यात भिजली. आज त्या पोथ्यांची चांगली छायाचित्रं कुठल्या तरी यंत्रात सुखरूप असतील, आणि ज्यांनी त्या जपल्या त्यांच्याकडे चिकटलेली पानं आहेत. मी बाईंना म्हटलं, "बाई, तक्रार करू या." त्या म्हणाल्या, "स्वामींचं आहे, स्वामींचं जपलं गेलं ना?" त्यांच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. पण संस्थेने त्या श्रद्धेचा फायदा घेतला, हे मी लिहिणारच.

कायद्याकडे पाहिलं तर 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकेका व्यक्तीच्या माहितीचा आहे. पंथाची, गावाची, जमातीची म्हणून जी सामाईक माहिती असते, तिला त्यात जागा नाही. बाहेरच्या जगात यावर बरंच काम झालं आहे. कॅनडातल्या मूळनिवासींनी 1998 मध्येच मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली. 2019 मध्ये जगभरच्या आदिवासी समूहांच्या अभ्यासकांनी सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती ही तत्त्वं पुढे आणली. कॅनडातल्या चर्चसंस्थांनी चालवलेल्या निवासी शाळांत मूळनिवासींची मुलं आईबापांपासून तोडून ठेवली जात. त्या शाळांची कागदपत्रं आता विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्रात जमा होत आहेत, म्हणजे त्या मुलांच्या वंशजांना ती पाहता यावीत. तिथे धर्मसंस्थेला दुसऱ्यांची माहिती परत करावी लागते आहे. आपल्याकडे धर्मपंथाला स्वतःची माहिती राखायची आहे. दोन्हींकडे प्रश्न एकच: ज्यांच्याविषयी लिहिलं आहे, त्यांचा शब्द शेवटचा आहे की नाही.

लीळाचरित्राइतकीच मला 'स्थानपोथी'ची काळजी वाटते. मुनिव्यासांनी चौदाव्या शतकात स्वामी जिथे जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागा दिशांसह नोंदवल्या. वेरूळला स्वामींचं दीर्घ वास्तव्य होतं, त्याच्याही खुणा त्यात आहेत. आजचे ओटे, म्हणजे त्या जागांवरचे चौथरे, याच नोंदींवरून ओळखले जातात. कितीतरी ओटे कुणाच्या शेतात, कुणाच्या वाड्याच्या परसात, कुठे दुसऱ्या धर्माच्या जागेला लागून आहेत. तिथे नमस्काराला जाणारे आणि जागेचे मालक यांचं शतकांचं सामंजस्य आहे. त्या सगळ्या जागा नकाशावर टिंबांसकट उद्या सर्वांसाठी खुल्या टाकल्या, तर जमिनीचे व्यवहार करणारे आणि भांडणं लावणारे तिथे भक्तांच्या आधी पोहोचतील. पडेगाव-मिटमिट्याच्या शेतांचे प्लॉट पडताना मी पाहिले आहेत, म्हणून हे बोलते. ग्रंथ खुला असावा, पण जागांची ही यादी पंथातल्या माणसांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या घरात किंवा आश्रमात बासनं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पोथ्यांची छायाचित्रं जरूर काढू द्या, पण करार मराठीत मागा आणि तो घरातल्या तरुण मुलामुलींकडून वाचून घ्या. तुमची प्रत त्याच दिवशी, तिथेच, तुमच्या हातात पडल्याशिवाय कॅमेरा दाराबाहेर जाऊ देऊ नका. पोथी कुणाच्या घरची, कुणी वाचून दाखवली, हे नाव छायाचित्रासोबत लिहायला लावा. आणि महंतबाबांना माझी हात जोडून प्रार्थना आहे: सकळ लिपीचे वर्ग आश्रमांत सुरू करा, आणि पहिल्या रांगेत वासनिक घरांतल्या मुलींना बसवा.